मधमाशीच्या अंगावरची ओढ

डोंगरउतारावरच्या एका रानात, जुन्या आंब्याच्या ढोलीत मधमाश्यांचे पोळे होते. त्यातली एक तरुण माशी नुकतीच मध आणायला बाहेर पडू लागली होती, आणि पहिल्याच दिवशी ती पार गोंधळून गेली. सोनकीच्या फुलाजवळ जाताच, फुलाला अजून पाय लागलेला नसताना, तिच्या अंगावरचे बारीक केस आपोआप फुलाकडे झुकले. वारा तर पडलेला होता. तेवढ्यात दुसरी माशी शेजारी आली, तर तेच केस तिच्यापासून दूर सरले. हे काय चालले आहे, तिला काही उमजेना.

तिने पोळ्यातल्या थोरल्या माशीला विचारले. थोरली म्हणाली, "उडताना हवेशी घासून आपल्या अंगावर विजेचा धनभार साठतो. फुलावर असतो ऋणभार. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, सारखे भार एकमेकांना लोटतात. भाराभोवती त्याचे क्षेत्र पसरलेले असते, म्हणून न शिवताही ते जाणवते."

"मग लांबून का नाही जाणवत?"

"ठिपक्याएवढे दोन भार घे. त्यांच्यातले अंतर दुप्पट केले, की जोर चौथाई उरतो. अंतर निम्मे केले, की जोर चौपट होतो."

तरुण माशीने मान हलवली खरी, पण या सगळ्यातून तिच्या ध्यानात एवढेच राहिले, की केस ओढले जातात तिथे मध असतो.

दुसऱ्या दिवशी करवंदाच्या जाळीपाशी तिचे केस पुढे ओढले गेले. फूल कुठे दिसेना. ती आणखी जवळ गेली, तशी ओढ एकदम वाढली. समोर एक बारीक धागा तिच्याच दिशेने फुगून येत होता.

"ये की," जाळ्याच्या कडेला बसलेला कोळी हळूच म्हणाला. "तुझे केस काय खोटे सांगतील?"

माशी क्षणभर घुटमळली. तेवढ्यात धागा तिच्या मागच्या पायाला चिकटला आणि कोळी तिच्याकडे धावला. तिने जिवाच्या आकांताने पंख फडफडवले. पायाला लावलेला परागाचा गोळा जाळ्यातच राहिला, पण पाय सुटला.

"मावशी, तिथे मध नव्हता," पोळ्यात येऊन ती म्हणाली. "मग केस का ओढले गेले?"

"तुझा धनभार जवळ गेला, की जाळ्यातला ऋणभार सरकून पुढे येतो," थोरली म्हणाली. "केसांना मध कळत नाही, बाळ. त्यांना फक्त भार कळतो."

तात्पर्य : ओढ कितीही जोराची असली, तरी ती कोण लावते आहे हे पाहिल्याशिवाय जवळ जाऊ नये.