काझी अय्यूब आणि न हललेली होडी

फार फार वर्षांपूर्वीची, खाडीला पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सांडेवली गावात काझी अय्यूब निकाह लावत. आवाज हळू, पण ते चिडले की भरतीसुद्धा थबकायची, असं म्हणतात.

त्या काळी या काठावर एक निर्लज्ज रीत होती. वऱ्हाड होडीतून यायचं आणि होडीतच बसून राहायचं. मुलीच्या बापाने ‘पायउतार’ दिल्याशिवाय नवरा चिखलात पाय ठेवायचा नाही. कुणी हंडे मागायचं, कुणी सोनं. आणि नवऱ्याने बायकोला द्यायचा महर? तो पहिल्याच दिवशी गोड बोलून तिच्याकडून माफ करून घ्यायचे.

दाऊद तांडेल माणसं खाडीपार न्यायचा. त्याच्या लेकीचं, हुरमतचं लग्न ठरलं, तेव्हा वऱ्हाडही त्यानेच आपल्या होडीतून आणलं. काठाला लागताच व्याही म्हणाला, पायउतार म्हणून ही होडीच द्या. दाऊदचं घर त्या होडीवर जगत होतं. तरी त्याने मुकाट्याने वल्हं पुढे केलं. लेक मांडवात बसली होती.

काझींनी ते वल्हं मधेच धरलं. “महर पुरुषाने बाईला द्यायचा. बापाला अडवून घेतलेलं हराम आहे.”

व्याही हसला. “काझीसाहेब, किताबं तुमची, गावं आमची. शरियत रिवाज मानते ना?”

“रिवाज मानते. लूट मानत नाही. होडी घेणार असाल तर निकाह लावणार नाही.”

व्याह्याने होडी परत लोटायला सांगितली. भरती आली. काठच्या सगळ्या होड्या तरंगल्या, ही तेवढी चिखलाला चिकटून राहिली. पाणी आत शिरलं, अत्तर लावलेल्या शेरवान्या छातीपर्यंत भिजल्या. आठ जणांनी रेटली, तरी ती हलली नाही. सगळं गाव काठावरून पाहत होतं. त्याआधी किती वर्षं ते असंच पाहत आलं होतं!

शेवटी नवरा इलियास पाण्यात उतरला. “मला होडी नको,” म्हणाला. तशी होडी फुलासारखी वर आली, असं म्हणतात.

काझींनी हुरमतला महर विचारायला साक्षीदार पाठवले. पडद्याआडून ती म्हणाली, “होडी. बाबांची नाही, त्यांच्या घरची. आणि मी माफ करणार नाही.”

तिला ती मिळाली. पुढे चाळीस वर्षं तिने ती स्वतः वल्हवली.

आजही सांडेवलीत नवरा गाडीतून आला तरी त्याला खाडीच्या चिखलात अनवाणी उभं करतात. गावातली सर्वांत म्हातारी बाई काझी अय्यूबचं नाव घेऊन विचारते, “काय मागितलंस?” तो “काही नाही” म्हणतो आणि महर नवरीकडे पोचवतो. मगच निकाह. खोटं बोलणाऱ्याचे पाय चिखलातून निघत नाहीत, असं म्हणतात.

पलीकडच्या काठावर आता होडीऐवजी गाडी मागतात. चिखल तिथेही हाच आहे.