येसूचा मांडव

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक चिमुकलं गाव होतं. गावाच्या अगदी कडेला, जिथे रस्तासुद्धा दमून बसायचा, तिथे येसू आणि तिची आई राहायच्या. आई दिवसभर पळसाच्या पत्रावळी लावायची. मदत करता करता येसूची इवली बोटं काड्यांनी टोचून गुलाबी झाली होती. पण तिला शिकायचं होतं. फार शिकायचं होतं.

राजाच्या पाठशाळेत दरवर्षी एकच नवं मूल घेत. गुरुजी प्रत्येक मुलाला राजबागेत एक आळं आणि दुधीची एक बी देत.

"ज्याचा दुधी सर्वांत सरळ, ते मूल माझं," ते म्हणत. "बी सगळ्यांना सारखीच. यापेक्षा मोठा न्याय तो कोणता?"

बी सारखीच होती, हे खरं. पण शेठजींच्या मंजुळेच्या आळ्यापाशी दुसऱ्याच दिवशी बांबू आले, सुतळी आली, तीन माळी आले. तिची वेल डौलात मांडवावर चढली आणि दुधी झुंबरासारखा लोंबू लागला. येसूची आई रानातून परतताना रोज एक कळशी पाणी घालायची. तेवढंच तिच्या हातात होतं. येसूची वेल जमिनीवरून सरपटत राहिली, आणि दुधी झाला कोयत्यासारखा वाकडा.

निवडीच्या दिवशी पहाटे येसू त्याला दोन्ही हातांनी सरळ करू बघत होती.

"अगं, मोडेल तो!"

दुधीच्या पांढऱ्याशुभ्र फुलातून एक इवलीशी परी डोकावली. पंख दवाचे, झगा चंदेरी, पायांत मोहरीएवढे घुंगरू.

"तीन इच्छा देते. पण एका इच्छेला एकच शब्द हं. आणि हे फूल मिटायच्या आत!"

येसू क्षणभरही थांबली नाही. "मांडव!"

सनई वाजू लागली. केळीचे खांब, आंब्याची तोरणं, झेंडूच्या केशरी माळा, आणि येसूच्या कपाळावर मुंडावळ्या!

"अगं बाई! लग्नाचा नाही गं!"

परी गोंधळली. "मुलीने मांडव मागितला की आमच्याकडे हाच देतात. आजवर कुणी तक्रार केली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

परीने लाजून पंखांत तोंड लपवलं.

"वेलीचा!" येसू म्हणाली.

सनई थांबली. खांबांचे बांबू झाले. वेल सरसर वर चढली, दुधी लोंबला, आणि स्वतःच्याच भाराने हळूहळू सरळ झाला. मंजुळेच्या दुधीपेक्षाही सरळ! येसूचं काळीज आनंदाने धडधडलं.

एवढ्यात शेजारच्या आळ्याची, कुंभाराची बायजा आली. आपला वाकडा दुधी मातीत कुजू नये म्हणून तिने त्याखाली खापरी ठेवली होती.

"येसू, काय सुरेख झालाय गं तुझा!" ती म्हणाली. "माझा राहू दे. भाजीला होईल."

फुलाच्या पाकळ्या मिटू लागल्या होत्या. जागा तर एकच. येसूने आपल्या दुधीकडे पाहिलं, मग खापरीकडे.

"सगळ्यांचा!"

या टोकापासून त्या टोकापर्यंत बागभर हिरवागार मांडव पसरला.

सगळी मुलं जमली, आणि गुरुजी दोरीला गोळा बांधलेला ओळंबा घेऊन आले. एकेका दुधीशी धरून बघू लागले. सगळेच सरळ!

"गुरुजी, मागच्या वर्षी कुणाचा सरळ होता?" येसूने विचारलं.

"सावकारांच्या मुलाचा."

"आणि त्याच्या आधी?"

"पाटलांच्या..." गुरुजी थांबले. त्यांनी वरचे बांबू निरखले. "म्हणजे इतकी वर्षं मी मुलं निवडत होतो, की बांबू?"

मंजुळा हळूच म्हणाली, "मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा मांडव घालतात."

गुरुजींनी ओळंबा गुंडाळला. "उद्यापासून सगळ्यांनी यायचं. खोल्या पुरल्या नाहीत तर अंगणात बसू."

"पण ऊन लागेल ना!" बायजा म्हणाली.

"मग मांडव घालू," येसू म्हणाली.

"कुठला, ते नीट सांग बाई!" फुलातून बारीक आवाज आला. पाकळ्या मिटल्या, सोनेरी उजेडाची एक चिमूट उडाली, आणि परी उन्हात मिसळून गेली.