पिपलाडोहला उतरताना

"बाबा, तुम्ही खरंच उतरणार?"

"हो."

"इथे उतरता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मीच तर शिकवलंय तुला."

रुखमा जिप्सीच्या दारापाशी सरकली.

साबूलाल बेठेकरांनी वीस वर्षं या जंगलातले गाइड तयार केले होते. वर्गात बसवून नाही. पायवाटेवर, स्वतः पुढे चालून. सगळे त्यांना बाबा म्हणत. रुखमा त्यांची शेवटची शिष्या, आणि सगळ्यांत कडक. पाणवठ्यापाशी फोटोसाठी गाडीतून पाय खाली टेकवणाऱ्या एका बड्या साहेबाला तिने अर्ध्या सफारीतून परत फिरवलं होतं. हे ती अजून अभिमानाने सांगायची.

आता म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते. जंगल पाहून कितीतरी दिवस झाले, असं तो म्हणाला म्हणून तिनेच त्याला आज जिप्सीत बसवून आणलं होतं. मागच्या सीटवर नागपूरचे भुसारी नावाचे एक पर्यटक होते.

गाडी एका माळापाशी थांबली होती. नुसतं कमरेएवढं गवत. इथे पूर्वी पिपलाडोह गाव होतं, बेठेकरांचं. वाघांसाठी ते जंगलाबाहेर हलवलं. मागे राहिलं एक मोहाचं झाड.

"बाबा, इथूनच हात जोडा ना."

"माझ्या आईला पुरलंय त्या मोहाखाली. गाडीत बसून हात जोडू?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"बरोबर."

"मग बसा ना!"

म्हाताऱ्याने दाराची कडी काढली. रुखमाने दार धरून ठेवलं.

"तुम्ही उतरलात तर मला महिनाभर घरी बसवतील."

"बसवतील."

"तरी उतरणार?"

त्याने तिचा हात बाजूला केला. जोराने नाही; वाटेत आलेली फांदी करतात तसा. मग काठी टेकत तो उतरला, गवतातून हळूहळू चालत गेला आणि मोहाखाली बसला.

भुसारी लगेच उठले. "मग मीही उतरतो. एकच फोटो."

"खाली बसा, साहेब."

"का? त्यांना एक न्याय आणि मला दुसरा?"

रुखमाने त्यांच्यासमोर हात आडवा धरला. तिचे कान लाल झाले.

मोहाखालून आवाज आला, "रुखमा, साहेब बरोबर बोलतात. फॉर्म काढ. माझी तक्रार लिही."

"तुमची?... मी लिहू?"

"मला सोडणार असशील, तर मी तुला काही शिकवलंच नाही."

भुसारी खाली बसले.

रुखमाने फॉर्म काढला. मांडीवर ठेवला. पेनचं टोपण काढलं.

"नाव?"

"साबूलाल भुरा बेठेकर. अक्षर नीट काढ."

"काय केलं?"

"मनाई असताना गाडीतून उतरलो."

"चूक... चूक मान्य आहे?"

"उतरलो, हे मान्य आहे."

"बाबा, चूक मान्य आहे का, असं विचारलंय इथे."

"नाही."

तिने वर पाहिलं. म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. त्याने तळहात जमिनीवर टेकला होता, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

तिने 'नाही' लिहिलं. फॉर्मवर एकच ओळ उरली होती.

"उतरण्याचं कारण?"

म्हातारा मोहाखालची माती बोटांनी सारखी करत होता.

"बाबा, कारण काय लिहू?"

"गाव उठलं त्या दिवशी ट्रक इथेच उभा होता. सगळे चढले. मीही चढलो."

"मग?"

"तेव्हाच उतरायला हवं होतं. अकरा वर्षं उशीर झाला, तेवढं लिही."