न वाळलेला रंग

सात वर्षांच्या युवराजांची तसबीर पुरी होत आली, तेव्हा कारभार पाहणाऱ्या काकासाहेबांनी चौकट धाडली. तिला हार अडकवायचे खिळे आधीच ठोकलेले! हार घालतात तो गेलेल्या माणसाच्या तसबिरीला. जिवबा चिताऱ्यानं डोळे न रंगवताच कुंचला खाली ठेवला.

भर दरबारात काकासाहेब गरजले, "उद्या युवराजांना शिकारीला न्यायचंय. डोळे का रंगवले नाहीस?"

जिवबा म्हणाला, "सरकार, डोळे शेवटी, माणूस समोर बसवूनच रंगवायचे, हा आमचा रिवाज. चेहऱ्याचा रंग ओला आहे. तो वाळेपर्यंत युवराज शिकारीहून परततीलच. तोवर तसबीर इथंच टांगा. बघेल तो विचारील, युवराज कधी येणार?"

शिकार रद्द झाली. युवराज गादीवर बसेपर्यंत, अकरा वर्षं, तो रंग काही वाळला नाही.