उमुनोबाचा रिकामा धोंडा

पाहुण्यांनो, त्या धोंड्यावर बसू नका. सावली छान आहे खरी, पण आमच्या उमुनोबात त्यावर कुणी बसत नाही. शेळी चढली तरी हाकलतात.

आम्हा इग्बो लोकांच्या या गावात राजा कधीच नव्हता. भाऊबंद या झाडाखाली जमायचे, कोलाची बी फोडून वाटून खायचे आणि घसे बसेपर्यंत भांडून निर्णय घ्यायचे. मग गोरा साहेब आला. "तुमचा राजा कोण?" त्याने विचारलं म्हणे. राजा नाही, हे त्याला काही केल्या पटेना. चार दिवसांत हजर करा, नाहीतर गाव जाळतो, म्हणाला. शेजारचं गाव त्याने जाळलेलं आमच्या लोकांनी पाहिलं होतं. राजा म्हणून जो जाईल तो फासावर जाणार, असंच सगळे धरून चालले.

तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी करू नये ते केलं. उडेआघा नावाचा परमुलखातला माणूस गावात आसऱ्याला होता, ताडी काढून पोट भरायचा. त्याच्यामागे रडणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यालाच पुढे केलं. सर्वांत वृद्ध अन्याएजीचे गुडघे धरून तो म्हणाला, "आजोबा, मी तुमचं काय वाकडं केलं?" म्हाताऱ्याने मान फिरवली.

अन्याएजीकडे ओफो असे. ही पूर्वजांची काठी हाती धरून खोटं बोललं की कूळ बुडतं. ती धरून तो साहेबाला म्हणाला, "हाच आमचा राजा."

उडेआघाला फाशी झाली नाही. साहेबाने दिलेली राजाची लाल टोपी, नेमणुकीचा कागद आणि सहा शिपाई घेऊन तो परतला आणि थेट या धोंड्यावर बसला. असं सांगतात, की पहिल्याच दिवशी त्याने अन्याएजीचे तिन्ही मुलगे दोरखंडाने बांधून सडकेच्या कामावर धाडले. म्हातारा धावत साहेबाकडे गेला. "मी खोटं बोललो, तो आमचा राजा नाही!" साहेब हसला म्हणे. "शपथ तर तूच घेतलीस."

मुलांपैकी एकही परतला नाही.

आजही सभेआधी सर्वांत वृद्ध माणूस या धोंड्यावर हात ठेवून विचारतो, "आज कुणाला पुढे करताय?" सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "कुणालाच नाही." मग कोलाचा पहिला तुकडा गावात आसऱ्याला आलेल्याला मिळतो.

गेल्या सभेत मी विचारलं. तिघेजण गप्प राहिले. नदीपलीकडून आसऱ्याला आलेल्या एका सुताराकडे बघत होते.