राहीच्या चीजची आणि माळजाईच्या बोकडाची कहाणी

ऐक माळजाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. नगराबाहेर खडकाळ माळ होता, तो काही आटपाट नव्हता. त्या माळावर राही नावाची सून राहत होती. नवरा मेंढरं घेऊन दूरदेशी गेला होता. घरी सासू होती, शेळ्या होत्या, आणि माळजाईच्या नावानं मोकळा सोडलेला एक बोकड होता.

राही माहेराहून चीज करायला शिकून आली होती. शेळीचं दूध नासवावं, फडक्यात बांधावं, दगडाखाली दाबावं, मीठ चोळावं, फडताळात ठेवावं, रोज उलटावं. सासू म्हणे, "चांगलं दूध आधी नासवायचं, मग त्याची निगा राखायची. तुझ्या माहेरी दुसरं काम नव्हतं का गं?" राही वडी उलटत असे.

मग पहिली वडी पिकली. चाखली, तर बोकडाचा वास. शेजारणीनं शेजारधर्म म्हणून तोंडात घातली, आणि शेजारधर्म तिथंच थुंकला. मग दुसरी पिकली. तोच वास. मग तिसरी पिकली. तोच वास, जरा जास्तच. मग सासू म्हणाली, "पुरे झालं. दसऱ्यापर्यंत हे कोणाच्या घशाखाली उतरलं नाही, तर शेळ्या खाटकाला."

राहीनं भांडी पुन्हा घासली, फडकी पुन्हा उकळली. तोच दारी एक म्हातारी जोगवा मागत आली. राहीनं भाकरी वाढली, वर चीजचा तुकडा ठेवला. म्हातारीनं हुंगला नि म्हणाली, "बाई, तुझा हात चोख आहे, भांडं चोख आहे. पण बोकड दिवसभर शेळ्यांना अंग घासतो, तो वास दुधात उतरतो. त्याला लांब ठेव."

"आजी, तो देवीचा. त्याला दावं लावायचं नाही, हाकलायचं नाही, अशी आमची रीत."

"देवीचा, तर तुमच्या दारात काय करतो?"

राहीनं दारातल्या बोकडाकडं पाहिलं. मग म्हातारी म्हणाली, "वसा घे. त्याला माळजाईच्या टेकडीवर ने. धार काढून झाली की रोज पाला घेऊन वर जा, नि परत आल्यावर अंघोळीवाचून दुधाला शिवू नको. कंटाळू नको, कुरकुरू नको, घेतला वसा टाकू नको." एवढं बोलून म्हातारी गेली. कुठं गेली ते राहीनं पाहिलं नाही. तिला पाला तोडायचा होता.

मग राहीनं बोकड वर नेला. सासू म्हणाली, "देवी कोपेल."

"कोपली तर माझ्यावर कोपेल, आत्याबाई. तिचं तिच्या दारी नेते."

पहिल्या दिवशी बोकड तिच्या आधी घरी आला. दुसऱ्या दिवशी तिच्या मागोमाग आला. तिसऱ्या दिवशी तिनं पाल्याची मोळीच देवळामागं टाकली, तेव्हा बोकड तिथं रमला. पुजारी म्हणाला, "बाई, गाभाऱ्यात वास येतो." राही म्हणाली, "देवी काही बोलली का?" पुजाऱ्यानं घंटा वाजवली.

मग ऊन झालं, राही गेली. पाऊस झाला, राही गेली. पायात काटा मोडला, लंगडत गेली.

मग दसरा आला. खाटीक दोर घेऊन दारात उभा राहिला. राहीनं फडताळातली नव्या दुधाची वडी काढली, कापली, पहिला तुकडा सासूपुढं धरला. सासूनं नाक दाबून तोंडात घातला. मग नाक सोडलं. मग दुसरा मागितला. तिसरा मागितला नाही, आपल्या हातानं घेतला.

खाटीक म्हणाला, "मावशी, शेळ्या सोडून नेऊ ना?"

सासू म्हणाली, "तू कशाला सोडतोस? धारेची वेळ झाली, वाटेतून बाजूला हो." मग सुनेकडे वळली. "तू धार काढ. पाय सुजलाय तुझा. ती मोळी इकडे आण." आणि मोळी डोक्यावर घेऊन, बोकडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, सासू टेकडी चढू लागली.

माळजाई जशी राहीला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. तुमचं दूध निर्मळ राहो, घेतलेला वसा तडीला जावो. साठ उत्तरांनी सांगायची कहाणी पाच उत्तरांत सांगितली; सुफळ झाली, संपूर्ण झाली.