रणबा सुभेदाराचा पूल

फार पूर्वी डोंगरावरच्या एका ठाण्याला खेचरांची पलटण धान्य पोहोचवत असे. त्या खेचरांपैकीच एक, म्हातारा रणबा, तिचा सुभेदार होता. एकदा दरीवरचा झुलता पूल वाऱ्याने हलू लागला आणि सगळी खेचरं अडून उभी राहिली. वर ठाण्यात शिपाई उपाशी होते.

"मला नाही जमायचं, सुभेदार," नवखी चिंगी रडवेली होऊन म्हणाली.

रणबा रागावला नाही. "पाय माझेही कापतायत गं," असं म्हणत त्याने तिची पिठाची गोणी आपल्या पाठीवर घेतली आणि तो पुलावर चढला.

चिंगी बघत राहिली. त्याचे पाय खरंच लटपटत होते, तरी तो चालत होता.

"थांबा सुभेदार, मीही येते!" ती ओरडली आणि पुढे झाली. तिच्यामागून साऱ्या पलटणीच्या टापा फळ्यांवर वाजू लागल्या.